तलाव खोदणाऱ्यांचा जर्मन भाऊबंद

माझ्या मुलीला एका जर्मन माणसाशी लग्न करायचं आहे, हे मी माझ्या थोरल्या दिरांना सांगितलं तेव्हा ते गोठ्यात म्हशीला तणस टाकत होते. मुलगा काय खातो, कोणता देव मानतो, पगार किती, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही. हातातलं तणस तसंच धरून त्यांचा एकच प्रश्न, "अडनाव काय हाय?"

यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या गोंदिया जिल्ह्यात नुसतं अडनाव ऐकून समोरच्याचं कूळ, मूळ गाव आणि त्याची आत्या कुठे दिली हे सांगणारी माणसं अजून आहेत. माझे दीर त्यांतले पहिल्या नंबरचे. लग्नाच्या मांडवात ते एका कोपऱ्यात बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडनाव विचारून जागच्या जागी नातं लावून देतात. बसच्या कंडक्टरलाही त्यांनी एकदा आमच्या मावससासूचा पुतण्या ठरवलं होतं, आणि तो निघालाही.

मी अडनाव सांगितलं. टाइशग्रेबर. त्यांनी डोळे मिटून ते चिचगडपासून आमगावपर्यंत सगळीकडे फिरवून पाहिलं असावं, पण कुठेच बसेना. "जेच्या अडनावालेच ठिकाना नाय, तो मानूस कोठचा समजाचा?" असं म्हणून त्यांनी उरलेलं तणस म्हशीपुढे टाकलं आणि विषय संपवला.

आता माझी अडचण सांगते. माझे यजमान गेले तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. तिला शाळेत सोडणं, तिच्या तापात उशाशी बसणं, बारावीच्या निकालाला गावभर पेढे वाटणं हे सगळं माझ्या या दिरांनी केलं. आज ती पुण्यात नोकरी करते, स्वतःच्या पायावर उभी आहे, कायद्याने तिला कोणालाही विचारायची गरज नाही. पण तिने फोनवर मला स्पष्ट सांगितलं, मोठे बाबा मनापासून हो म्हणाले तरच लग्न, नाहीतर नाही. मी म्हटलं, बाई, एवढी आज्ञाधारक तू दहावीत असतीस तर माझे केस काळे राहिले असते. ती हसली नाही. तिचं रडून झालेलं आहे हे मला आवाजावरून कळलं. मला फार वाईट वाटलं. मला वाईट वाटलं की लगेच राग येतो, आणि राग आला की मी कामाला लागते.

तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे कोणतीही गोष्ट नकाशावर सापडतेच असा माझा समज आहे. मी आधी होणाऱ्या जावयालाच गाठलं, तोही पुण्यातच नोकरीला. आमच्या पहिल्याच व्हिडिओ कॉलवर 'कसे आहात' वगैरे झाल्यावर मी त्याला अडनावाचा अर्थ विचारला. मागे मुलीने कपाळाला हात लावलेला मला दिसला. तो मात्र शहाण्या विद्यार्थ्यासारखा सरळ बसून सांगू लागला. टाइश म्हणजे तळं आणि ग्रेबर म्हणजे खोदणारा. त्याचा कोणी पूर्वज तळी खोदायचा, म्हणून हे नाव पडलं.

मला खुर्चीतून उठून नाचावंसं वाटलं. कारण आमच्या कुळाचा सगळा तोरा याच एका गोष्टीवर उभा आहे, की आमच्या पूर्वजांनी या भागात तलाव बांधले. कोणत्या पूर्वजाने, कधी, हे कोणालाच नीट सांगता येत नाही. पण घरी पाहुणा आला की त्याला पाण्याचा गडवा देण्याआधी तलाव दाखवायला नेतात. तहानेने व्याकूळ झालेले कितीतरी पाहुणे मी त्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे असलेले पाहिले आहेत.

तुमच्याकडे अजून कोणी खोदतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, आजोबा दातांचे डॉक्टर होते, वडीलही दातांचेच डॉक्टर आहेत. म्हणजे खोदकाम चालूच आहे, फक्त खड्डे लहान झालेत. स्वतः तो कपडे धुण्याच्या यंत्राला कधी थांबायचं हे शिकवण्याचं काम करतो. दातांचं आणि धुण्याचं मी पोटात ठेवायचं ठरवलं.

त्यानंतर चार-पाच दिवस मी जर्मन अडनावांच्या मागे लागले. त्यांच्याकडेही पूर्वी नुसत्या नावावर भागत होतं. मग गावं मोठी झाली, एकाच नावाचे दहा-दहा जण झाले आणि ओळख पटेना, म्हणून माणसामागे त्याचं काम चिकटवलं. हळूहळू काम गेलं आणि नाव राहिलं. गिरणीवाला तो म्युलर, लोहार तो श्मिट, शिंपी तो श्नायडर. म्युलर तर आज सगळ्यांत जास्त. याचं कारण मला फार आवडलं. गावागावात एक गिरणी होती, म्हणून गावागावात एक म्युलर तयार झाला, आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तळी खोदणारे मात्र थोडेच होते, तेही बहुतेक पूर्वेकडच्या भागात. ही तळी मठांतल्या साधूंना आणि जमीनदारांना मासे पाळायला लागायची. म्हणून टाइशग्रेबर हे अडनाव दुर्मीळ, शोधावं तेव्हा सापडणारं.

एवढी शिदोरी घेऊन मी दिरांकडे गेले. अजूनही माझ्याशी बोलताना ते ओसरीच्या खांबाकडे बघतात. धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलायचं नाही, हा जुना नियम. मी मास्तरीण झाल्यावर तो निम्मा मोडला आणि निम्मा खांबावर राहिला. मी सांगितलं, मुलाचं अडनाव 'तलाव खोदणारा' असं आहे.  त्यांनी खांबाकडे बघतच विचारलं की पावसाळी धानासाठी तलाव की उन्हाळी धानासाठी. मी म्हटलं, माशांसाठी. याचा त्यांना धक्का बसला. एवढी माती उपसून नुसत्या मासोऱ्या? मी सांगितलं की तिथले साधू उपासाला मासे खायचे, म्हणून लागत. उपासाला मासोरी, हे त्यांनी खांबाला दोनदा ऐकवलं, आणि मला वाटलं आता सगळंच फिसकटलं. पण ते हसायला लागले. असा धर्म आपल्याकडे असता तर मी रोज उपास केला असता, म्हणाले.

एवढ्यावर लग्न ठरलं असतं. पण त्याच आठवड्यात भाट आला.

भाट म्हणजे आमच्या वंशावळी लिहून ठेवणारा माणूस. दोन-चार वर्षांनी एकदा येतो, नवीन जन्मलेल्यांची नावं वहीत चढवतो आणि जुनी मोठ्याने वाचून दाखवतो. त्याचे वाडवडील घोड्यावरून यायचे, हा मोटारसायकलवर येतो, आणि वही खताच्या पिशवीत गुंडाळलेली असते. दिरांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं की यंदा तलाव खोदणाऱ्याच्या घरात पोरगी चालली, जर्मनीला.

भाटाने कान टवकारले. वही उलटत मागे मागे जात तो एका पानावर थांबला. तिथे तीन भाऊ होते. शेताला पाणी आधी कोणी घ्यायचं यावरून भांडण झालं आणि मधला रुसून उत्तरेकडे निघून गेला, पुढे पत्ता नाही, असं लिहिलेलं होतं. भाटाने पानावर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मास्तरीनबाई, जर्मनी कोन्या बाजूले येते?"

इथे माझ्या धंद्याने माझा घात केला. तीस वर्षं दिशा शिकवलेली बाई मी. तोंडातून आपोआप निघालं, उत्तर-पश्चिम.

बस. पुढचं मला थांबवताच आलं नाही. भाट म्हणाला, मधला भाऊ चालत चालत तिथे पोचला, जे येत होतं ते काम केलं, आणि लोकांनी कामावरून नाव ठेवलं. मी म्युलरची गोष्ट सांगितली. एकच अडनाव असलं म्हणून माणसं नात्यातली होत नाहीत, ती फक्त एकाच कामाची, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. भाट शांतपणे म्हणाला, ते म्युलर पुष्कळ आहेत म्हणून वेगवेगळे, हे तलाववाले थोडे आहेत म्हणून एकाच माणसाचे.  मुलांनी असं उत्तर दिलं असतं तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं.

दिरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. किती पिढ्यांपूर्वी रुसलेला माणूस परत येत होता आणि तोही जावई होऊन. ते भाटाला म्हणाले की लिहून टाक. भाटाने पेनाचं टोपण काढलं आणि तसाच थबकला. मग खाली मान घालून बोलला की आपलंच कूळ असेल तर हे दोघं भाऊ-बहीण झाले. भाऊ-बहिणीचं लग्न कसं लावता?

 दिरांचा चेहरा असा उतरला की मला त्यांची कीव आली, आणि भाटाची वही चुलीत घालावी असंही वाटलं. अडनावाचा अर्थ शोधून आणणारी मीच. लग्न जुळवायला गेले आणि मुलीला एक भाऊ आणून दिला.

शेवटी दिरांनी तोडगा काढला. पोरगा पोरीबरोबर आपल्याला भेटायला परवा येतोच आहे, त्याला तलावाच्या पाळीवर नेऊ. "रगत आपलं असन तं पानी पाहून समजन," ते म्हणाले. तलावातलं काही कळलं तर तो आपला, म्हणजे लग्न नाही. नाही कळलं तर परका, मग खुशाल द्या. भाटालाही हे पटलं. तो दोन दिवस मुक्कामाला राहिला आणि आमच्या घरचं दूध-दही संपवून बसला.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. धुण्याच्या यंत्राचा माणूस, त्याला तलावातलं काय कळणार? पोरगा यायच्या दिवशी सकाळी मात्र मला आठवलं. मोठ्या बाबांवर छाप पडावी म्हणून मीच मुलीला सांगितलं होतं की त्याच्याकडून तलावांचा अभ्यास करून घे. गडी गेले तीन आठवडे रोज अभ्यास करत होता. मी फोनवर फोन लावले. ते दोघे तेव्हा गाडीत होते, आणि कचारगडच्या यात्रेची गर्दी असल्यामुळे गाडीत श्वास घ्यायलाही जागा नव्हती, शिवाय आमच्या जंगलाच्या पट्ट्यात नेटवर्क म्हणजे नशिबाचा भाग. फोन लागला नाही तो नाहीच.

दरेकसा स्टेशनवर दीर आणि भाट स्वतः हजर. यात्रेकरूंच्या झेंड्यांमधून एक उंच, लालबुंद झालेला माणूस उतरला, पाठीवर पिशवी आणि हातात कोणी तरी दिलेला नारळ. तो वाकून दिरांच्या पाया पडला आणि त्याने नारळ त्यांच्याच हातात दिला. दीर त्याच्या नाकाकडे निरखून पाहत होते. नंतर मला कळलं, ते आपल्या आजोबांचं नाक शोधत होते.

घरी पोचल्यावर मी मुलीला स्वयंपाकघरात ओढलं आणि सगळी हकीकत सांगितली. ती आधी हसली, मग रडवेली झाली. मी म्हटलं, त्याला सांग, पाळीवर ठार अडाण्यासारखं वाग. पोह्यांची बशी देण्याच्या निमित्ताने तिने त्याच्या कानात सांगितलं. परत येऊन म्हणाली, खोटं बोलणं जमणार नाही म्हणतो, पण गप्प बसेन. मी म्हटलं, चालेल, गप्प बसणारा जावई कोणाला नको असतो.

त्या वर्षी आमचा तलाव नेहमीपेक्षा लवकर उतरत होता. खालच्या शेतांचे लोक चोरून पाणी सोडतात असा दिरांना संशय होता, आणि महिनाभर आळीपाळीने कोणी ना कोणी काठी घेऊन पाणी सोडण्याच्या तोंडाशी बसत होतं. पाहुण्याला पहिल्यांदा तिथेच नेलं. दगडी बांधकाम, त्यात एकाखाली एक भोकं आणि भोकांत लाकडी बुचं. दिरांनी विचारलं, हे काय आहे? मी इंग्रजीत विचारलं. तो गप्प. मी पुन्हा विचारलं, तेव्हा फार कष्टाने म्हणाला की मला सांगायला आवडणार नाही. मी मराठीत सांगितलं, तो म्हणतो देऊळ असावं. भाटाने निराशेने मान हलवली. दीर मात्र अर्धे खट्टू आणि अर्धे खूश दिसत होते. पाळीला इथे वाक का दिला आहे? तो गप्प. पाणी आधी कोणत्या शेताला जातं? तो गप्प. माझ्या मनात मांडवाचे खांब उभे राहू लागले.

पाळीच्या कोरड्या बाजूने आम्ही परत निघालो. गवत सगळं पिवळं पडलेलं. चालता चालता मागे पाहिलं तर पाहुणा नाही. तो दहा-बारा पावलं मागे उकिडवा बसला होता. तिथे हातभर जागेत गवत हिरवंगार होतं. त्याने मुलीकडे पाहिलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोराने मान हलवली, नको म्हणून. त्याने गवतात हात घालून ओंजळभर पाणी काढलं आणि त्याच्याकडे पाहत बसला. काही बोललं तर काय होईल हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी तो उठला आणि मला म्हणाला, पाणी आतून येतंय आणि ते गढूळ आहे, पाळीची माती वाहून नेतंय, हे आजच बुजवायला हवं.

मला हे देवळासारखं फिरवता आलं असतं. पण खाली तीस-चाळीस घरांचं उन्हाळी धान उभं होतं. मी जसंच्या तसं सांगितलं.

दीर खाली उतरले. त्यांनी गवत बाजूला केलं, खाली दिसलेल्या खेकड्याच्या बिळात काठी घातली आणि काठीमागून हातही कोपरापर्यंत आत गेला. महिनाभर आम्ही काठ्या घेऊन भलत्याच तोंडाशी बसलो होतो. भाटाने खिशातून पेन काढलं. मुलगी पाठ फिरवून उभी राहिली. दीर तिथेच ओल्या गवतात बसले आणि त्यांनी मला विचारायला सांगितलं, हे कोणी शिकवलं, बापाने की आजाने.

मी विचारलं. तो म्हणाला, वडिलांना तर पोहण्याच्या तलावाचीसुद्धा भीती वाटते. पुस्तकांत त्याने पुष्कळ वाचलं, पण हे पुस्तकातलं नाही. हे तुमच्या मुलीने सांगितलं. कोरड्या दिवसांत हिरवं गवत दिसलं तर खूश व्हायचं नाही, वाकून बघायचं. नितळ पाणी असेल तर उद्या आलं तरी चालतं, गढूळ असेल तर तिथून हलायचं नाही. वर्षभर ती त्याला या पाळीबद्दल सांगते आहे आणि तो ऐकतो आहे.

दिरांनी मुलीकडे पाहिलं. "तुले हे मी कवा सांगतलं?"

"मले नाय सांगतलं, मोठे बाबा," ती म्हणाली. "तुमी दादायले सांगत होते. मी मांगं मांगं चालत होती."

तिचे दोन्ही दादा, म्हणजे दिरांचे मुलगे, महिनाभर या गवतावरून ये-जा करत होते. मी स्वतः तिची आई, वर शिक्षिका, पण या पोरीला तलाव कळतो हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.  मग दिरांनी भाटाला हाक मारली.

"वही झाक. हा आपल्या कुळातला नोहे."

भाट म्हणाला, "काऊन? पानी तं बरोबर वरखलं."

"आपल्या कुळात पोरीचं कोन आयकते?" दीर म्हणाले. "यानं आयकलं. हा जावईच हाय."

पाहुण्याने मला विचारलं, काय म्हणाले? मी सांगायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं नकार मिळाला. मुलगीही रडत होती, म्हणून तिचाही उपयोग नव्हता. शेवटी भाटानेच त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला माती आणायला घमेलं दिलं, कारण बीळ अजून वाहतच होतं.